पूल नसलेले बेट : दिवाडीच्या फेरीबोटीवरील एक संवाद

गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील दिवाडी हे मांडवी नदीच्या दोन शाखांमध्ये वसलेले बेट असून मुख्य भूमीशी त्याला जोडणारा रस्त्याचा एकही पूल आजवर झालेला नाही; दक्षिणेकडे जुने गोवे आणि सांपेद्र, तर उत्तरेकडे डिचोली तालुक्यातील नार्वे येथील धक्क्यांवरून सुटणाऱ्या फेरीबोटी हाच बेटावर जाण्यायेण्याचा मार्ग आहे. फेरीबोट म्हणजे सपाट तळाची, मधला भाग वाहनांसाठी मोकळा ठेवलेली आणि धक्क्याला लागताच पुढची लोखंडी फळी खाली टाकून माणसे व गाड्या थेट उतारावर सोडणारी नौका. राज्य शासनाचे नदी परिवहन खाते ती चालवते, पायी जाणाऱ्याला तिच्यात तिकीट नसते आणि पैलतीर गाठायला मोजकी मिनिटे पुरतात. गोव्यात पाहुणा आला की त्याला एक दिवस या फेरीबोटीने दिवाडीला नेण्याची पणजीकरांची रीत आता रुळली आहे. ज्यांची शाळा, नोकरी, बाजार आणि दवाखाना नदीपलीकडे आहे त्यांना मात्र हाच प्रवास रोज करावा लागतो, आणि त्यामुळे बेटाला पूल हवा की नको, हा प्रश्न सहलीच्या दिवशीही बोटीत चढतो.

पुढील संवाद अशाच एका सहलीच्या ओघात मांडला आहे. पाहुणा पुण्याचा, पुलांच्या कामांवर उमेदीची वर्षे घालवलेला स्थापत्य अभियंता; यजमान दिवाडीत जन्मलेला, पण नोकरीनिमित्त पणजीत स्थायिक झालेला शिक्षक. दोघांची मैत्री जुनी असल्याने एकमेकांचे म्हणणे खोडताना त्यांना शब्द चाचपावे लागत नाहीत.

जुन्या गोव्यात धक्क्याकडे उतरणारा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा १५९७ मध्ये व्हाइसरॉय, म्हणजे पोर्तुगीज राजाचा येथील सर्वोच्च प्रतिनिधी, म्हणून आला. त्याच्या कारकिर्दीत ही कमान उभी राहिली आणि नव्या व्हाइसरॉयने नदीतून उतरून याच दारातून समारंभाने शहरात प्रवेश करावा असा प्रघात पडला. आजची कमान १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली आहे. तिच्या नदीकडच्या अंगाला वास्को द गामाचा पुतळा असून तो येणाऱ्या बोटींकडे तोंड करून उभा आहे, आणि यजमानाने आपल्या युक्तिवादाला आरंभ केला तो या पुतळ्यापासूनच.

“हे शहर नदीतून येणाऱ्यासाठी रचलेले आहे,” तो म्हणाला, “आणि आपण सगळे आज त्यात मागच्या दाराने शिरतो. बोटीत उभे राहून मागे वळून पाहिलेस की काय कशासमोर का बांधले ते तुझ्या आपोआप ध्यानात येईल. महामार्गावरून ते कधीच कळणार नाही.”

पाहुण्याला हे मान्य होते, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नव्हता. “शहर नदीच्या भरवशावर बांधले हे खरे, पण ते बांधणाऱ्यांनाच तो भरवसा पुरला नाही, हेही तितकेच खरे. रायबंदर आणि पणजी यांच्यामधल्या दलदलीवरून लिन्हारिसच्या काउंटने १६३३-३४ मध्ये जवळपास तीन किलोमीटरचा दगडी सेतू घातला, आणि आपण आज सकाळी त्याच्यावरूनच इथे आलो. पुलाची गरज काही आमच्या पिढीतल्या अभियंत्यांनी काढलेली नाही.”

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. फेरीबोटीच्या बाजूने बोलणारे लोक पुष्कळदा पूल म्हणजे आधुनिक घाई आणि बोट म्हणजे जुनी निवांत जीवनपद्धती अशी वाटणी करतात. मांडवीच्या काठचा इतिहास ती वाटणी टिकू देत नाही. आज दिसणारी यंत्रचलित, गाड्या वाहणारी फेरीबोट ही त्या दगडी सेतूपेक्षा कितीतरी अलीकडची आहे. ती जतन करावी असे ज्यांना वाटते त्यांनी तिच्या प्राचीनत्वाचा आधार घेऊ नये. घ्यायचाच असेल तर ती आज काय काम करते, याचा घ्यावा.

बोट सुटल्यावर जुन्या गोव्याचा काठ हळूहळू उलगडू लागतो : झावळ्यांवर डोके काढणारा सेंट कॅजेटन चर्चचा घुमट, आणि १७७६ मध्ये एक मनोरा कोसळल्यापासून एकाच मनोऱ्यावर उभे असलेले से कॅथेड्रल. मात्र पाहुण्याचे लक्ष देखाव्याकडून लवकरच पाण्याकडे गेले. ओहोटी ऐन भरात होती. मांडवी येथे भरती-ओहोटीची नदी आहे. उधाणाला पाण्याची पातळी सुमारे दोन मीटरने वरखाली होते आणि समुद्राचे पाणी नदीत फार आतपर्यंत शिरते. ओढ समुद्राकडे असल्याने चालकाने बोटीचे तोंड पलीकडच्या धक्क्याच्या बरेच वर धरले, मग प्रवाहाने तिला तिरके खाली आणले आणि धक्का जवळ येताच इंजिनाचा जोर वाढवून त्याने ती अचूक उताराच्या मध्यावर टेकवली. पाणी उतरल्यामुळे उताराचा खालचा भाग उघडा पडला होता व त्यावर हिरवे शेवाळ होते. खलाशाने फळी सोडली, आणि पुढे उभ्या असलेल्या दुचाकीस्वारांनी दोन्ही पाय जमिनीला घासत, पहिल्या गिअरमध्ये, एकामागून एक तो निसरडा चढ पार केला. मासळीची पाटी घेतलेली एक बाई मात्र फळी पूर्ण टेकण्याआधीच सुक्या दगडावर पाऊल ठेवून वर निघाली होती.

“हे कसब पाहण्यासारखे आहे, यात वाद नाही,” पाहुणा म्हणाला. “पण याच चढावरून पावसाळ्यात पोर मागे बसवून जाणाऱ्या माणसाला ते कसब म्हणून दिसत नसणार. तू ज्याला सौंदर्य म्हणतोस त्यात दुसऱ्या कुणाची तरी रोजची खोळंब्याची अर्धी घटका आहे. आणि तू स्वतः पणजीत राहतोस.”

आक्षेप वर्मी लागणारा होता. यजमानाने तो टाळला नाही. बेट सोडून गेलेल्या माणसाला बेटाच्या वतीने फेरीबोटीचे गुणगान करण्याचा अधिकार कितपत आहे, हा प्रश्न त्याला त्याच्या घरच्यांनीही विचारला होता. दिवाडीत पूल मागणारे आणि पूल नाकारणारे, दोघेही एकाच वाड्यात, कित्येकदा एकाच घरात असतात. त्याचे उत्तर असे की, आपण बोटीची बाजू देखाव्यासाठी घेत नसून जमिनीसाठी घेतो. आणि जमीन म्हणजे काय ते पाहण्यासाठी त्याने पाहुण्याला आधी टेकडीवर नेले.

पिएदाद गावाच्या टेकडीवर अठराव्या शतकाच्या प्रारंभीचे भव्य चर्च आहे आणि शेजारच्या दफनभूमीतील लहान चॅपेलमध्ये कदंब राजवटीच्या काळातील मंदिराचा कोरीव अवशेष टिकून आहे. येथून खाली पाहिले असता बेटाची रचना एका दृष्टिक्षेपात समजते : मध्ये उंचवट्यावर घरे, त्यांच्याभोवती सपाट शेते, शेतांच्या कडेने बांध, बांधाबाहेर कांदळवन आणि त्यापलीकडे नदी. ही शेते म्हणजे खाजन. भरतीच्या पातळीहून सखल असलेली खाडीकाठची जमीन बांध घालून समुद्राच्या पाण्यापासून सोडवायची आणि तीत भात, मासळी व काही ठिकाणी मीठ पिकवायचे, ही गोव्यातील शतकानुशतके चालत आलेली व्यवस्था आहे. खारेपणा सोसणारे ‘कोरगुट’ नावाचे भात या जमिनीत पावसाळ्यात घेतले जाते, कारण तेव्हाचे गोडे पाणी मातीतील मीठ धुऊन नेते.

खाजनाचे मर्म आहे मानशीत. ‘मानस’ म्हणजे बांधात जांभ्या दगडाची चौकट बसवून तिला लाकडी झडपा लावलेले दार. भरतीचे पाणी नदीकडून चढू लागले की त्याच्याच दाबाने झडपा मिटतात आणि खारे पाणी बाहेर अडते. ओहोटीला नदी उतरली की आतल्या साचलेल्या पाण्याचा दाब वरचढ ठरतो, झडपा बाहेरच्या अंगाला उघडतात आणि शेतातले पाणी निथळून जाते. भरती-ओहोटीच्या प्रत्येक फेऱ्यात हे आपोआप घडते, आणि दारापाशी जमणारी मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव हे गावाचे उत्पन्न असते. पाहुण्याने मानशीजवळ उकिडवे बसून झडपेचा सांधा, तिचा कल आणि चौकटीच्या दगडांची जुळणी बराच वेळ न्याहाळली. इंधन, वीज किंवा पहारेकरी यांपैकी कशाचीही अपेक्षा न ठेवता समुद्राची पातळी सांभाळणारे इतके साधे यंत्र आपण कामाच्या निमित्ताने कुठेही पाहिले नसल्याचे त्याने मोकळेपणाने सांगितले. त्याने त्या दिवशी कशाची मनापासून स्तुती केली असेल तर ती या झडपेची.

“आता पूल आणून बघ,” यजमान म्हणाला. “पूल झाला की पणजीचा माणूस इथे जागा शोधणार, शेताला प्लॉटचा भाव येणार, आणि बांध दुरुस्त करण्यापेक्षा तो फुटू दिलेला कुणाला तरी परवडणार. खारे पाणी शिरले की शेत नापीक ठरते, आणि नापीक ठरलेली जमीन बांधकामाखाली आणण्यासाठी अर्ज करणे सोपे जाते. आजवर तो माणूस आला नाही, कारण त्याला बोटीची वाट पाहायची नाही. नदी हाच आमचा बांध आहे.”

“हे तू अर्धेच सांगतोस,” पाहुण्याने उत्तर दिले. “बांध सांभाळायची व्यवस्था पुलाशिवायच मोडली ना? कूळकायद्याबद्दल तूच मघाशी सांगत होतास.”

संदर्भ असा : खाजनांची देखभाल पूर्वी गावकरीकडे असे. गावकरी, म्हणजे पोर्तुगीज कागदपत्रांतील कोमुनिदाद, ही गावाच्या सामाईक जमिनीची मालकी असलेली आणि तिच्या उत्पन्नातून बांध, मानशी व देवस्थाने यांचा खर्च करणारी संस्था होय. मुक्तीनंतर १९६४ मध्ये गोव्यात कूळकायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानले गेले. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु बांधांची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघटनांकडे जाताना पैसा, माणूसबळ आणि जुना दरारा यांपैकी बरेच काही वाटेत सांडले. त्यातच नव्या पिढीने नोकरीसाठी मुंबई, आखात किंवा पोर्तुगाल गाठले आणि चिखलात उतरायला माणसे कमी पडू लागली. दिवाडीच्या खाजनांवर संकट आले असेल तर ते फेरीबोट चालू असतानाच आले, हा पाहुण्याचा मुद्दा त्यामुळे वजनदार ठरतो. यजमानाने तो मान्य केला, पण जे खिळखिळे झाले आहे त्याच्यावर आणखी भार कशाला, असे विचारले.

आणि येथे पाहुण्याने स्वतःच्याच बाजूविरुद्ध जाणारी एक गोष्ट सांगितली. नदीतून खनिजाच्या बार्जेस जातात. लोहखनिज मार्मागोव्याच्या बंदरात नेणारी ही वाहतूक २०१२ च्या खाणबंदीनंतर पूर्वीसारखी राहिली नसली तरी जलमार्ग कायम आहे, तेव्हा पूल त्यांच्या डोक्यावरून पुरेशा उंचीने न्यावा लागेल. उंच पूल जमिनीवर आणायचा तर जोडरस्ता लांब लागतो, आणि हा लांब जोडरस्ता दिवाडीत खाजनावरच उतरणार. तो मातीच्या भरावावर केला तर शेतातल्या पाण्याच्या वाटा तुटतील आणि ज्या मानशीची आपण तारीफ केली तिच्यापर्यंत पाणी पोहोचणारच नाही. “भराव स्वस्त म्हणून ठेकेदार आणि शासन दोघेही तोच सुचवतील,” तो म्हणाला. “माझ्या हातात असते तर खाजनावरचा सगळा रस्ता खांबांवर नेला असता, आणि तो खर्च मंजूर होत नसेल तर पूल बांधूच नका असे लिहून दिले असते.” किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यातील खाजनांना संरक्षण दिलेले आहे, हे यजमानाने यावर सांगितले, संरक्षण कागदावरून बांधावर आणण्यासाठी मात्र बांधावर माणूस लागतो, हे दोघांनाही ठाऊक होते.

दुपारी दोघे उत्तरेच्या धक्क्यावरून नार्व्याला उतरून सप्तकोटेश्वराच्या देवळात गेले. गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत असून त्याचे मूळ स्थान दिवाडी बेटावर होते. बहामनी सत्तेच्या काळात देऊळ उद्ध्वस्त झाले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले, आणि त्यानंतर लिंग नदीपलीकडे, पोर्तुगीज हद्दीबाहेर नेण्यात आले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६८ मध्ये तेथील मंदिराचा जीर्णोद्धार झाला, आणि त्याची नोंद करणारा शिलालेख दारावर आहे. महाराष्ट्रातून येणारे बहुतेक यात्रेकरू या शिलालेखासाठी येतात व रस्त्यानेच परततात. देव ज्या बेटावरून आला ते बेट समोरच्या काठाला आहे, हे फारच थोड्यांच्या लक्षात येते. नदी ओलांडून या देवळात येणे हा सप्तकोटेश्वराच्या इतिहासाचा भाग आहे, आणि म्हणून दिवाडीच्या सहलीत नार्वे वगळू नये, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. दोन मित्रांनाही येथे वाद घालावासा वाटला नाही.

परतीच्या बोटीसाठी धक्क्यावर थांबले असताना पाहुण्याने दिवसभर मागे ठेवलेला प्रश्न काढला : रात्री कुणाच्या छातीत दुखू लागले तर? अंधार पडल्यावर फेऱ्या विरळ होतात, बोट पलीकडच्या काठाला असेल तर ती येईपर्यंत रुग्णवाहिकेला थांबावे लागते, आणि पावसाळी पुरात किंवा इंजिन बिघडल्यास तेवढाही भरवसा राहत नाही. खाजन, देऊळ, देखावा यांपैकी कोणतीही गोष्ट या प्रश्नासमोर पुढे करता येत नाही. यजमानानेही ती केली नाही. बेटावर त्याचे स्वतःचेच म्हातारे आईवडील राहत होते, आणि पूल मागणाऱ्यांमध्ये त्याची आई होती.

“मग आधी मागायचे ते हे,” तो म्हणाला, “रात्रभर खलाशांसह सज्ज असलेली बोट, एक बिघडली तर धक्क्याला दुसरी, आणि बेटावर चोवीस तास डॉक्टर. पूल व्हायला किती वर्षे लागतील ते तूच सांग. बोट ठेवायला किती दिवस लागतील?”

“बोट उद्या ठेवता येईल,” पाहुणा म्हणाला. “पण उद्या ठेवत नाहीत, आणि लोक पूल मागतात ते त्यामुळेच. खात्यावरचा विश्वास उडाला की माणूस काँक्रीटवर विश्वास टाकतो.”

“काँक्रीटवर?” यजमानाने १९८६ ची आठवण दिली. पणजीचा नेहरू पूल, बांधून वीस वर्षेही झाली नव्हती, त्या वर्षीच्या ५ जुलैला मांडवीत कोसळला आणि राजधानीचा उत्तर गोव्याशी असलेला सरळ रस्ताच नाहीसा झाला. त्यानंतर माणसे, दूध, भाजी आणि बाजाराचा माल फेरीबोटींनी वाहिला. खाऱ्या हवेत पूर्वताणित काँक्रीटमधील पोलादी तारा कशा गंजतात याचे उदाहरण म्हणून त्या पुलाचा उल्लेख अभियंते अजूनही करतात, आणि पाहुण्याला तो तपशिलासह माहीत होता. त्यामुळे या मुद्द्यावर दोघांचे एकमत व्हायला वेळ लागला नाही : दिवाडीला उद्या पूल झाला तरी फेरीबोट बंद करता कामा नये.

मतभेद उरला तो हे कितपत शक्य आहे याबद्दल. पाहुण्याने पणजी-बेती फेरीचा दाखला दिला. तेथे मांडवीवर एकाशेजारी एक असे पूल उभे आहेत, २०१९ मध्ये अटल सेतूची त्यांत भर पडली, तरी खालून फेरीबोट चालतेच, कारण बेतीच्या धक्क्यावर उतरणाऱ्याला पुलाचा वळसा परवडत नाही. यजमानाला दिवाडीची गोष्ट निराळी वाटत होती. बेतीला शहराची गर्दी आहे. दिवाडीतून पूल झाल्यावर बोटीला उरतील ते वाहन नसलेले लोक, म्हणजे म्हातारे, शाळकरी मुले आणि पाटी घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाया, आणि एवढ्यांसाठी खाते बोट ठेवील असे त्याला वाटेना. पूल हवा की नको याचा कौल ग्रामसभेत बेटावर झोपणाऱ्यांनीच द्यावा, आपण त्यात हात वर करणार नाही, हे त्याने कबूल केले. पण त्या कौलाच्या कागदावर दोन अटी लिहिलेल्या असाव्यात असा आग्रह त्याने सोडला नाही : खाजनावर भराव नाही, आणि पुलानंतरही फेरी चालू. पहिली अट नकाशावर कशी दाखवायची ते सांगण्यासाठी पाहुण्याने खिशातून वही काढली, आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत दोघे खांबांमधले अंतर किती धरावे यावर बोलत राहिले.